गर्भाशयाची शस्त्रक्रिया : गरज कोणाची, निर्णय कोणाचा?

आमच्या महाविद्यालयात ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची संख्या बरीच आहे. दसऱ्याच्या सुमारास वर्ग विरळ होऊ लागला की टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, हे हजेरीपटावरूनच समजते. अशाच एका दसऱ्याच्या आधी पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. त्या दिवशी मागणीची लवचिकता शिकवताना, शस्त्रक्रियेसारख्या सेवेची मागणी किंमत वाढली तरी फारशी घटत नाही, कारण ती गरजेतून निर्माण झालेली असते, असे पाठ्यपुस्तकी उदाहरण मी दिले होते. तिने विचारले, "मॅडम, ही गरज ठरवतं कोण?" मग तिने सांगितले की, तिच्या आईची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. आता सव्वीस वर्षांच्या थोरल्या बहिणीलाही तोच सल्ला मिळाला होता आणि टोळी निघण्यापूर्वी 'करून घ्यावी' असे घरात ठरत होते. "नाही काढली तर कॅन्सर होईल, असं डॉक्टर म्हणतात. खरंच होतो का?"

मी तिला आईचे कागद आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने आणलेल्या पिशवीत एक सोनोग्राफीचा अहवाल, एक बिल आणि घरी सोडतानाचे एक पत्रक होते. काढलेल्या गर्भाशयाची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याचा कागद त्यात नव्हता. तिच्या आईला कॅन्सर होणार होता की नाही याचा काही पुरावा असलाच, तर तो त्या कागदावर असता.

कर्करोग नसताना गर्भाशय काढून टाकणे वैद्यकीय दृष्ट्या कितपत समर्थनीय आहे, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आहे असे समजून आपण त्यापासून दूर राहतो. प्रस्तुत लेखिका अर्थशास्त्राची अध्यापिका आहे. वैद्यकशास्त्रात निवाडा देण्याचा तिला अधिकार नाही. परंतु ज्या सेवेची गरज आहे की नाही हे सेवा विकणाराच ठरवतो, त्या सेवेच्या व्यवहाराचा विचार करणे हे अर्थशास्त्राचे काम निश्चितच आहे.

समर्थनाच्या मर्यादा

प्रथम वैद्यकीय बाजू न्याय्यपणे मांडली पाहिजे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कोणत्याही उपायाने थांबत नसेल किंवा गर्भाशय फाटले असेल, तर ते काढल्यानेच स्त्रीचा जीव वाचतो. तेथे वादाला जागा नाही. परंतु नियोजित शस्त्रक्रियांपैकी बहुसंख्य या वर्गातील नसतात. गर्भाशयातील गाठी, पाळीच्या वेळचा अतिरक्तस्राव, गर्भाशयाच्या अस्तराचे विकार आणि अंग बाहेर येणे ही त्यांची नेहमीची कारणे होत. हे विकार सहसा प्राणघातक नसतात. पण ते जीवन असह्य करू शकतात. माझ्या सासूबाईंनी अंग बाहेर येण्याचा त्रास संकोचापोटी अकरा वर्षे सोसला. शस्त्रक्रियेनंतर त्या प्रथमच निर्धास्तपणे पंढरपूरला जाऊन आल्या. ही शस्त्रक्रिया मुळातच निंद्य आहे असे मानणे त्यांच्यासारख्या स्त्रियांवर अन्याय करणारे ठरेल.

म्हणजे प्रश्न शस्त्रक्रियेचा नसून ती कोणत्या पायरीवर केली जाते याचा आहे. अतिरक्तस्रावावर आधी औषधे आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे. मोठी गाठ तेवढीच काढता येते. लहान गाठ त्रास देत नसेल तर तिच्यावर नुसते लक्ष ठेवता येते, कारण रजोनिवृत्तीनंतर अशा गाठी बहुधा आक्रसतात आणि त्यांतून कर्करोग उद्भवणे फारच विरळ असते. फिनलंडमध्ये अतिरक्तस्रावाच्या २३६ रुग्ण स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून केल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाला शस्त्रक्रिया सांगितली, दुसऱ्याला हे साधन बसवले. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साधन बसवलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना अखेर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पण उरलेल्या ५८ टक्के स्त्रियांची ती टळली. दोन्ही गटांतील स्त्रियांचे जीवनमान सारखेच सुधारले आणि साधनाच्या गटाचा खर्च कमी आला. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. शस्त्रक्रिया कधीच लागत नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि पहिल्याच भेटीत ती सांगणे योग्य आहे हेही सिद्ध होत नाही.

पांढरे जाणे, कंबर दुखणे, ओटीपोट दुखणे किंवा सोनोग्राफीत 'सूज' दिसणे ही मात्र गर्भाशय काढण्याची कारणे नव्हेत. यांतील पुष्कळ तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि त्या औषधांनी बऱ्या होतात. कर्करोगाच्या भयाचीही तीच गोष्ट. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून, अनेक वर्षांच्या अवधीत निर्माण होतो. त्याची पूर्वावस्था साध्या तपासणीत ओळखता येते आणि तेवढ्या भागावर उपचार करून ती नाहीशी करता येते. भविष्यातील संभाव्य कर्करोग टाळण्यासाठी सरसकट गर्भाशय काढणे म्हणजे चोरीच्या भयाने घराची भिंतच पाडणे होय.

शिवाय या शस्त्रक्रियेची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले, तर तिशीतील स्त्रीला एकाएकी रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश जागेवर ठेवले तरी रजोनिवृत्ती सरासरीने काही वर्षे अलीकडे येते. शिक्षिकेला किंवा बँकेतील कर्मचारी स्त्रीला हा त्रास आहेच. पण जिची उपजीविका उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढण्यावर अवलंबून आहे, तिच्या हाडांची झीज म्हणजे तिच्या एकमेव भांडवलाची झीज आहे.

माहितीची विषमता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातील मुख्य विचार असा की, वैद्यकीय सेवेची बाजारपेठ अन्य बाजारपेठांसारखी चालू शकत नाही, कारण विक्रेत्याचे ज्ञान आणि ग्राहकाचे ज्ञान यांत मूलभूत अंतर असते. भाजी घेताना आपण ती हातात घेऊन पाहतो. डॉक्टरांनी 'काढावे लागेल' म्हटल्यावर आपण काय पाहणार? म्हणूनच समाजाने डॉक्टरांवर सामान्य व्यापाऱ्यापेक्षा वेगळी नीती बंधनकारक मानली आणि व्यवसायाने स्वतःवर नियंत्रण ठेवावे अशी अपेक्षा केली.

हे नियंत्रण शक्य आहे, याचा उत्तम दाखला कॅनडातील सस्कॅचवान प्रांताने दिला. तेथे १९६४ ते १९७१ या काळात पंधरा वर्षांवरील स्त्रियांची संख्या जेमतेम ७.६ टक्क्यांनी वाढली, तर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया ७२ टक्क्यांनी वाढल्या. स्त्रियांचे आजार सात वर्षांत एवढे वाढणे शक्य नव्हते. तेव्हा डॉक्टरांच्याच प्रांतिक संस्थेने १९७२ मध्ये समिती नेमली. समितीने निवडक रुग्णालयांतील प्रत्येक शस्त्रक्रियेचे कागद व काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल पाहण्यास सुरुवात केली. या रुग्णालयांतील असमर्थनीय शस्त्रक्रियांचे प्रमाण २३.७ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आले आणि १९७० ते १९७४ या काळात सर्व प्रांतातील एकूण शस्त्रक्रिया सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. कोणाला तुरुंगात टाकावे लागले नाही. आपला कागद उद्या दुसरा डॉक्टर वाचणार आहे, एवढी जाणीव पुरेशी ठरली.

दुसरा दाखला स्वित्झर्लंडमधील तिचिनो या प्रांताचा आहे. १९८४ मध्ये तेथील वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांतून या शस्त्रक्रियेच्या आवश्यकतेविषयी लोकांना माहिती देण्यात आली. त्यानंतर तेथील शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या बर्न प्रांतात, जेथे अशी मोहीम नव्हती, ते जवळपास होते तेथेच राहिले. तेव्हा ग्राहकाला माहिती मिळाली की 'गरज' बदलते, हे उघड आहे.

समृद्ध देशांत हा प्रश्न कायमचा सुटला असेही नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ५२ रुग्णालयांतील शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाव्यतिरिक्त अन्य कारणांसाठी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांच्या कागदांत आधी दुसरा उपाय केल्याची किंवा सुचवल्याची नोंद नव्हती. आणि सुमारे १८ टक्के स्त्रियांच्या काढलेल्या अवयवात शस्त्रक्रियेला आधार देणारा विकार आढळला नाही. चाळिशीच्या आतील स्त्रियांत हे दुसरे प्रमाण जवळजवळ ३८ टक्के होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे सांगता आले ते तेथे प्रत्येक अवयवाची तपासणी होते आणि तिचा अहवाल जपला जातो म्हणून.

आपल्याकडचे चित्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. आंध्र प्रदेश व तेलंगणात हे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर होते. त्याआधीच्या २०१५–१६ च्या फेरीत असे दिसले होते की, अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश खासगी रुग्णालयांत झाल्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यम वय अवघे ३४ च्या आसपास होते. याच पाहणीतील आणखी एक आकडा यांच्याशेजारी ठेवून पाहावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया २०१९–२१ मध्ये १.९ टक्के होत्या. वयोगट थोडे भिन्न आहेत, तरी तात्पर्य बदलत नाही. ज्या देशात कर्करोगाच्या भयाने गर्भाशये काढली जातात, त्या देशात कर्करोग शोधण्याची स्वस्त तपासणी मात्र जवळजवळ कोणाचीच होत नाही.

गरिबांसाठीच्या विमा योजनांनी या प्रवृत्तीला आवर घालण्याऐवजी काही ठिकाणी तिला वाटच करून दिली. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी तीस हजार रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यासच मिळे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या गोळ्यांचे पैसे रुग्णाच्या खिशातून आणि शस्त्रक्रियेचे पैसे योजनेतून, अशी रचना असल्यावर डॉक्टर व रुग्ण या दोघांचाही कल कोणीकडे झुकेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. २०१२ मध्ये छत्तीसगड व बिहारमध्ये या योजनेखाली झालेल्या शस्त्रक्रियांच्या चौकश्या झाल्या आणि छत्तीसगडमध्ये काही डॉक्टरांच्या नोंदण्या स्थगितही झाल्या. योजना चालवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी ज्या उपचाराचे पैसे देऊ केले तो उपचार वाढला, इतकेच.

फडातील हिशेब

बीडचे प्रकरण यांहून निराळे आहे, कारण तेथे बहुतेकींनी पैसे स्वतः भरले आणि पुष्कळदा ते कर्जाऊ घेतले. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये ९९ खासगी रुग्णालयांत काढण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणतः सहांत एक. राष्ट्रीय पाहणीतील वयोगट व या पाहणीतील वयोगट एक नाहीत, म्हणून दोन टक्केवाऱ्यांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही एवढी तफावत केवळ वयाने समजावून देता येणार नाही.

या तफावतीचे एक स्पष्टीकरण सर्वश्रुत आहे. ऊसतोडणीत पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती टनाच्या हिशेबाने फेडली जाते. कामावर न आल्यास 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत बसतो, असे स्त्रियांनी वेळोवेळी सांगितले आहे. फडात पाणी नाही, आडोसा नाही, कोपीपाशी शौचालय नाही. पाळीच्या दिवसांत काम बुडते; म्हणून पाळीच बंद करून टाकण्याकडे कल होतो.

हे स्पष्टीकरण खरे आहे. पण ते पुरे आहे काय, हे हिशेबाने तपासून पाहू. समजा, महिन्याला दोन खाडे पडले आणि हंगाम पाच महिन्यांचा धरला, तर दंडाची रक्कम पाच हजार होते. शस्त्रक्रियेचा खर्च वीस ते तीस हजार रुपये आला असे धरले, तर तो नुसत्या दंडातून भरून निघायला चार ते सहा हंगाम लागतील. बुडालेली मजुरी मिळवली तर हा काळ कमी होईल. पण उचलीत पडलेली भर, शस्त्रक्रियेनंतर घरी घालवावे लागणारे दिवस आणि पुढील दुखण्यांची औषधे यांनी तो पुन्हा वाढेल. म्हणजे निव्वळ पैशांच्या दृष्टीनेसुद्धा हा सौदा फायद्याचा आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग तो होतो का? येथे दवाखान्याने घातलेल्या भयाचा विचार करावा लागतो. फडातील अडचणीमुळे स्त्री दवाखान्याच्या पायरीपर्यंत येते आणि कर्करोगाच्या नावाने ती टेबलावर चढते. दोहोंपैकी एक कारण नसते, तर यांतील पुष्कळ शस्त्रक्रिया झाल्या नसत्या. म्हणून डॉक्टरांनी मुकादमाकडे बोट दाखवावे आणि कारखान्यांनी डॉक्टरांकडे, हा जो वाद चालतो त्यात दोन्ही पक्ष अर्धेच सत्य सांगत असतात.

स्त्रीच्या पाळीची व्यवस्था करण्यापेक्षा तिचे गर्भाशय काढणे सोयीचे, हा विचार आपल्या राज्यात नवा नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या शासकीय रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही हे कारण त्या वेळी देण्यात आले होते. लोकांच्या निषेधामुळे त्या शस्त्रक्रिया थांबल्या. काळजी घेणारे मनुष्यबळ वाढवणे हा खर्च होता. शस्त्रक्रिया हा एकदाचा उपाय होता. फडात आज तोच हिशेब चालतो. फरक इतकाच की, तेथे त्या मुलींच्या वतीने संस्थेने निर्णय घेतला आणि येथे निर्णयावर स्त्रीचा अंगठा असतो.

या अंगठ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका अविवाहित स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, जीवावरचा प्रसंग नसताना, सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाची स्वतःची संमतीच ग्राह्य होय. आणि ती देण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके व पर्याय तिला सांगितले गेले पाहिजेत. या कसोटीवर 'नाही काढली तर कॅन्सर' या एका वाक्याच्या आधारे घेतलेली संमती कितपत टिकेल, याचा वैद्यक व्यवसायाने विचार करावा.

आक्षेपांचा विचार

डॉक्टरांचा पहिला आक्षेप असा की, स्त्रिया स्वतःच मागणी करतात. आम्ही नाही म्हटले तर त्या पलीकडच्या दवाखान्यात जातात. हे पुष्कळदा खरे असते. परंतु रुग्णाने मागितले म्हणून कोणी जहाल औषध लिहून देत नाही. मागणीपुढे मान तुकवायची असेल, तर मग वैद्यकीय पदवीचा व दुकानाच्या परवान्याचा फरक काय राहिला?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहा महिने परगावी असणारी स्त्री गोळ्या नियमित घेणार नाही, पुन्हा तपासणीला येणार नाही. तेव्हा एकदाच कायमचा इलाज करणे हेच तिच्या हिताचे, असे अनेक प्रामाणिक डॉक्टर म्हणतात. यातील अडचण खोटी नाही. पण गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन पाच वर्षे काम देते. वारंवार येण्याची गरज त्यालाही नसते. ते सर्वांना चालत नाही, हेही खरे. तरी ज्यांना चालेल त्यांना ते देऊ करण्यात आले काय, हा प्रश्न उरतोच. पर्याय उपलब्ध करून द्यायचा नाही आणि पर्याय नव्हता म्हणून शस्त्रक्रियेचे समर्थन करायचे, हे तर्काला धरून नाही.

तिसरा आक्षेप माझ्या वर्गातील विद्यार्थिनीच घेतात. स्त्रीच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार जिल्हा शल्यचिकित्सकांना का? २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची अनुमती घेणे आवश्यक करण्यात आले. या उपायामागील कळकळ मान्य करूनही त्यातील दोष दृष्टीआड करता येत नाही. पूर्वानुमतीचा भार अखेर रुग्णावर पडतो. खरोखर गरज असलेली स्त्री खेपा घालत राहते आणि घाई असलेली शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकते. सस्कॅचवानमध्ये शस्त्रक्रियेनंतर तपासणी झाली. तिचा भार डॉक्टरांवर होता. मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते.

काय करता येईल

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. त्यांत जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील देखरेख समित्यांची तरतूद आहे. समित्या पुष्कळ होतात. त्यांच्यापुढे कोणता कागद येतो, यावर त्यांची उपयुक्तता ठरते. म्हणून पहिली गोष्ट अशी की, काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करावी, तिचा खर्च शासनाने सोसावा आणि अहवालाची एक प्रत रुग्णाला, एक समितीला द्यावी. चाळिशीच्या आतील प्रत्येक शस्त्रक्रियेचे कागद दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरांनी वाचावेत. रुग्णालयनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

दुसरी गोष्ट, दुसरे मत गरिबाला परवडेल अशी सोय हवी. तीन वर्षांपूर्वी मला स्वतःला गाठीसाठी हाच सल्ला मिळाला होता. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, बसने मोठ्या शहरात गेले, दुसऱ्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी औषधे दिली आणि थांबायला सांगितले. आजपावेतो मला शस्त्रक्रियेची गरज भासलेली नाही. माझे ज्ञान त्या विद्यार्थिनीच्या आईपेक्षा फारसे अधिक नव्हते. मला रजा होती, बसभाडे होते आणि विचारण्याचे धैर्य होते. ग्रामीण रुग्णालयात हंगामापूर्वी आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ बसले, संसर्गाची औषधे, साधन व गर्भाशयमुखाची तपासणी तेथेच मिळाली, तर हे दुसरे मत फुकट मिळेल. विमा योजनांनीही शस्त्रक्रियेआधीच्या या उपचारांचे पैसे दिले पाहिजेत.

तिसरी गोष्ट कारखान्यांची. तोडणीचे दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढले, हे योग्यच झाले. पण दर टनावर आहेत आणि खाडा दिवसावर. पाळीच्या व आजाराच्या दिवसांचा खाडा करारानेच रद्द केला पाहिजे आणि त्याचा भार मुकादमावर न टाकता कारखान्यावर टाकला पाहिजे. कोप्यांपाशी पाणी व शौचालय असल्याशिवाय गाळप परवाना मिळणार नाही, अशी अट घालणे शासनाच्या हाती आहे. साखरेच्या किमतीत यामुळे पडणारी भर आपण शहरी ग्राहकांनी सोसावी. आजवर ती दुसऱ्याच कोणीतरी शरीराने सोसली आहे.

त्या विद्यार्थिनीच्या बहिणीला आम्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. तिला संसर्ग होता. औषधांनी तो बरा झाला. तीन दिवस मोडले, उचलीत काही शेकडा रुपयांची भर पडली आणि ती टोळीबरोबर दोन दिवस उशिरा निघाली. हंगाम संपल्यावर परतली तेव्हा ती मला भेटायला आली होती. तिच्या आईच्या बाबतीत मात्र माझ्यापाशी आजही उत्तर नाही. ते उत्तर द्यायला लागणारा कागद तयारच झाला नव्हता. तो यापुढे प्रत्येकीच्या हाती पडावा, एवढी मागणी करायला वैद्यकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.